अनुपान आणि उपदंश : खानदेशातील हिवाळी भोजन व मद्य यांचा संबंध

मार्गशीर्ष लागला की तापीच्या खोऱ्यात थंडी एकाएकी उतरते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये काळ्या मातीचे सखल मैदान, अशी खानदेशाची ठेवण आहे. वैशाखात भाजून निघणारा हा प्रदेश पौषात गारठतो. धुळ्याचे किमान तापमान या दिवसांत अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. येथील वर्षाचे सर्वांत जड जेवणही याच दिवसांतले. कळण्याची भाकरी, भरीत, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे ही नावे खानदेशाबाहेरही परिचित आहेत. अशा जड अन्नाबरोबर किंवा त्यानंतर काय प्यावे, हा प्रश्न मात्र मराठी वाचकास परका वाटतो. तो पाश्चात्त्य रीतीच्या भोजनगृहांत विचारला जावा, आपल्या घरी त्यास स्थान नाही, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज कितपत खरा आहे, याची साक्ष प्रथम शब्दांकडे मागणे युक्त होईल. भोजन आणि पेय यांचा परस्परसंबंध दाखविणारे दोन नेमके शब्द संस्कृतात होते. अन्नामागून जे प्यावयाचे ते ‘अनुपान’, आणि पेयाबरोबर जे चावून खावयाचे ते ‘उपदंश’. हे दोन्ही शब्द मराठीत आले, परंतु ताटावरून उठून वैद्याच्या बटव्यात जाऊन बसले. मराठीत अनुपान म्हणजे औषध ज्याबरोबर घ्यावयाचे तो मध, ते तूप किंवा तो आल्याचा रस. मोल्सवर्थच्या कोशातही या शब्दाचा औषधाशी निगडित असलेला हाच अर्थ दिसतो. उपदंशाची गती तर याहून विलक्षण झाली. तो शब्द एका लज्जास्पद गुप्तरोगाचे नाव म्हणूनच उरला. रोगवाचक अर्थ संस्कृत वैद्यकातही जुना आहे हे खरे; पण संस्कृतात दोन अर्थ शेजारी नांदत होते, मराठीने त्यांतला एकच ठेवून घेतला. ज्या संबंधाचे दोन्ही शब्द भाषेने असे दुसऱ्या कामाला लावले, तो संबंध समाजात कसा तुटला असावा, आणि तुटला तो सर्वत्र सारखाच तुटला काय, याचा शोध खानदेशापुरता घेता येण्याजोगा आहे.

प्राचीन वैद्यकात या संबंधाचा विचार ऋतूला धरून केलेला आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंताची चर्या सांगितली आहे. थंड वाऱ्याच्या स्पर्शाने शरीरातील ऊष्मा आत कोंडला जातो, त्यामुळे जठराग्नी बलवान होतो आणि जड अन्न मोठ्या प्रमाणात पचवू शकतो. त्यास पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीरातील रसच जाळू लागतो, अशी तेथील उपपत्ती आहे. म्हणून स्निग्ध, आंबट व खारट रस, पुष्ट प्राण्यांचे आणि बिळात राहणाऱ्यांचे मांस, दुधाचे व उसाचे पदार्थ, वसा, तेल आणि नवा भात यांचे सेवन विहित ठरते. मांसानंतर मदिरा, सीधू आणि मधू प्यावे असे स्पष्ट विधान तेथे आहे. सीधू म्हणजे उसाच्या रसाचे मद्य. विधानातील क्रियापद ‘अनु’ या उपसर्गासह आले आहे, म्हणजे पिणे हे खाण्यामागून येते, त्याहून वेगळे असे कर्म नाही. हाच ग्रंथकार ग्रीष्माकडे वळला म्हणजे मद्य थोडे घ्यावे, किंवा घेऊच नये, किंवा भरपूर पाणी घालून घ्यावे, असे सांगतो. मद्य चांगले की वाईट, हा प्रश्न त्याच्यापुढे या ठिकाणी नाहीच. कोणत्या काळी, कोणत्या अन्नामागून आणि किती, एवढेच त्याला ठरवावयाचे आहे. वाग्भटाने हेमंताच्या आहारात गव्हाच्या आणि उडदाच्या पदार्थांबरोबरच गुळाचे मद्य व निवळ सुरा यांचा समावेश केला आहे.

सुश्रुताने यापुढे जाऊन अनुपानांचे जवळजवळ एक कोष्टकच दिले आहे. मद्याची सवय असणाऱ्यास सर्व मांसांवर मद्य प्रशस्त. जो मद्य पीत नाही त्यास पाणी किंवा आंबट फळांचा रस. स्नेहावर ऊन पाणी. खानदेशाच्या दृष्टीने त्यातील उडदाविषयीचे विधान विशेष महत्त्वाचे आहे. उडीद आणि तत्सम धान्यांवर धान्याम्ल, म्हणजे धान्य आंबवून केलेले आंबट पाणी, अथवा दह्यावरची निवळ प्यावी असा तो नियम आहे. या नियमाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

उपदंशाचे चित्र वात्स्यायनाने रेखाटले आहे. नागरकांच्या आपानगोष्ठीत मधू, मैरेय, सुरा आणि आसव यांच्या जोडीस खारट, कडू, तिखट व आंबट पदार्थ, फळे आणि हिरव्या भाज्या येतात. ‘तोंडी लावणे’ ही मराठी कल्पना याच्याशी किती जवळची आहे हे सहज ध्यानात येईल. फरक इतकाच, की मराठीत तोंडी लावावयाचे ते भाकरीला किंवा भाताला. पेय त्या वाक्यातून गळून पडले आहे.

आता ही मद्ये खानदेशात मिळत होती काय? कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी मधू हे द्राक्षांच्या रसाचे असून त्याच्या उत्तम जातींची नावे, कापिशायन आणि हारहूरक, वायव्येकडील प्रदेशांकडे बोट दाखवितात. म्हणजे ज्यास आज आपण वाइन म्हणतो तो पदार्थ प्राचीन दख्खनेत प्राधान्याने दुरून येणारा व श्रीमंतांचा होता. अजिंठ्याची लेणी खानदेशाच्या दक्षिण सीमेवर आहेत. सतराव्या लेण्याचा दाता हा वाकाटक नृपती हरिषेण याचा मांडलिक होता, आणि त्याचा ऋषिक देश म्हणजेच खानदेश, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. याच लेण्याच्या व्हरांड्यात राजपुत्र आपल्या पत्नीस चषक देत असल्याचे प्रसिद्ध चित्र आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेल्या परदेशीयांचे मद्यपान रंगविले आहे. त्यातील मुख्य पुरुष म्हणजे इराणचा बादशहा दुसरा खुस्रो, ही फर्ग्युसनची कल्पना आता कोणी मानीत नाही. लेण्याचा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा ठरल्यावर ती टिकणेही शक्य नव्हते. पण चित्रकाराने चषक परकी वेशातील माणसांच्या हाती दिला, ही गोष्ट बोलकी आहे.

सामान्य जनांचे मद्य मात्र झाडावरून गळत होते. संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’, हिंदी ‘महुआ’, गुजराती ‘महुडो’ आणि मराठी ‘मोह’ किंवा ‘मोहा’ ही एकाच शब्दाची रूपे होत. ध-काराचा ह-कार होणे आणि पुढे ‘अहु’ या स्वरगटाचे ‘ओ’ असे संकोचन होणे, हा मराठीचा नित्याचा व्यवहार आहे. भ्रांती या अर्थाचा ‘मोह’ हा शब्द ‘मुह्’ धातूपासून आला असून त्याचा या झाडाशी काडीचाही संबंध नाही. तथापि दोन्ही शब्दांचे रूप मराठीत एकच झाल्यामुळे ‘मोहाची दारू’ या शब्दसमूहात ऐकणाऱ्याच्या कानावर नकळत एक नीतिवाक्य पडते. भाषेतील असे अपघात समाजाच्या मतांना किती आधार देतात, हे मोजणे कठीण आहे. पण ते देत नाहीत असे म्हणणेही धाडसाचे होईल. मोहाचे झाड महाराष्ट्री प्राकृताला चांगले परिचित होते. हालाच्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या मोहाच्या झाडांचे, तेथील फुले वेचण्याचे व त्या निमित्ताने होणाऱ्या संकेतांचे उल्लेख आहेत. धुळ्याजवळचे मोहाडी, शहाद्याकडील मोहिदे ही ग्रामनामेही या झाडावरूनच पडली असावीत, असे त्यांच्या रूपावरून वाटते. ज्या ताडवर्गीय झाडापासून निघणारा रस थंडीच्या पहाटे सर्वांत गोड लागतो, ती शिंदीदेखील प्राकृतातील ‘सिंदी’ या देशी शब्दाची वारस आहे. ही दोन झाडे आणि त्यांची दोन नावे जनभाषेत राहिली. द्राक्षमद्याचे ‘मधू’ हे नाव मात्र मराठीत ‘मध’ होऊन मधमाशीच्या पोळ्यापुरते उरले.

चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, भोजन आणि मद्यपानक्रीडा यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. अन्नभोगाच्या वर्णनात ‘मंडक’ येतो आणि तो खर्परावर भाजला जातो. खर्परापासून ‘खापर’, मंडकापासून ‘मांडा’. खानदेशात आजही उपड्या खापरावर हाताएवढा, नव्हे हातभर, मांडा पसरणारी गृहिणी ही दोन्ही नावे एकत्र जिवंत ठेवून आहे. परंतु मानसोल्लासात पानाचा भाग अन्नापासून वेगळा काढून विलासाच्या सदरात घातलेला दिसतो. पेय ताटाशेजारून उठून क्रीडेत गेले, या फारकतीची ही एक प्रारंभीची खूण मानता येईल.

इ. स. १३८२ पासून १६०१ पर्यंत खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते. अकबराने असीरगड घेतल्यावर हा सुभा शाहजादा दानियालकडे आला व काही काळ ‘दानदेश’ या नावाने ओळखला गेला. अबुल फजलने या सुभ्याचे वर्णन करताना ज्वारी हे मुख्य पीक असल्याचे सांगितले आहे. ज्वारीचे ताट इतके कोवळे व गोड असते की त्यास फळाची योग्यता देतात, असा बारकावाही त्याने नोंदविला आहे. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची ताटे चघळणाऱ्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात नवापूरच्या बारीक, शुभ्र व कस्तुरीच्या वासाच्या तांदळाची वाखाणणी केली. अन्नाविषयी परक्यांनी अशी प्रीतीने लिहावे आणि मद्याविषयी केवळ दुर्दशेच्या कथा सांगाव्यात, हा त्या काळच्या साधनांचा विशेष आहे. बुऱ्हाणपूरच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत. दानियालचे मद्य बंद करण्याविषयी अकबराचे सक्त हुकूम होते व खानखानान अब्दुर्रहीम याने पहारे बसविले होते. तेव्हा नोकरांनी बंदुकीच्या नळीत भरून मद्य आत नेले, आणि नळीतील दारूचा व गंजाचा अंश त्यात उतरून शाहजाद्याचा अंत झाला, असे जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे. ही घटना इ. स. १६०५ च्या सुमाराची. त्यानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्रज वकील टॉमस रो हा याच नगरीत शाहजादा परवेझला भेटला. रोने नजर केलेल्या पेटीतील बाटल्यांचा परिणाम असा झाला, की त्यानंतर ठरलेली खाजगी भेट शाहजाद्याच्या झिंगेमुळे होऊच शकली नाही.

दानियालच्या कथेत ‘दारू’ या शब्दाचे तीनही अर्थ एका नळीत येऊन बसले आहेत. फार्सीत ‘दारू’ म्हणजे औषध. बंदुकीची भुकटी हेही एक ‘दारू’च, आणि मद्यही. मराठीने पहिला अर्थ टाकला व उरलेले दोन ठेवले: दारूगोळा आणि दारू. जेवणासंबंधी एकही छटा या शब्दात कधी नव्हती. अरबी ‘शर्ब’, म्हणजे पिणे, या मुळापासून आलेल्या ‘शराब’ व ‘सरबत’ या जोडशब्दांचीही अशीच वाटणी झाली. एकास घरात प्रवेश मिळाला, दुसरा उंबऱ्याबाहेर राहिला. सुरा, सीधू, मैरेय, प्रसन्ना अशा निरनिराळ्या रसांच्या आणि गुणांच्या पेयांना मराठी बोलणारा मनुष्य एकाच ‘दारू’ या शब्दाने ओळखू लागला, तेव्हा कोणत्या अन्नाबरोबर कोणते पेय हा प्रश्न विचारण्याची सोयच भाषेत उरली नाही. नावे गेल्यावर भेद दिसेनासे होतात.

तापीकाठच्या मैदानी खानदेशात अनुपानाचे काय झाले, हे पाहण्यासाठी हिवाळी ताटाकडे वळावे. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीस खंडोबाच्या नैवेद्याने मोकळे होते आणि भरताचा हंगाम सुरू होतो. यावल तालुक्यातील बामणोद परिसराची मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी यासाठी विशेष नावाजलेली आहेत. ती कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांसह भरपूर तेलात परततात. (मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलेली, तेव्हा आजचे भरीत यादवांच्या काळी होते असे कोणी अभिमानाने म्हणू नये.) भरताबरोबर कळण्याची भाकरी असते. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद यांचे एकत्र दळलेले पीठ. वाग्भटाने हेमंतात सांगितलेले उडीद आणि स्नेह या ताटात जसेच्या तसे आहेत, आणि त्याबरोबर पिण्यास ताक किंवा कढी. सुश्रुताने उडदावर दह्याची निवळ किंवा धान्याम्ल सांगितले होते, त्याचेच हे चालते रूप होय. दुसऱ्या पर्यायाची, धान्याम्लाची, आठवण आंबिलीने राखली आहे. या ताटावर बसणाऱ्यास सुश्रुताचे नावही ठाऊक नसेल. अनुपान हा शब्द तो केवळ मात्रा चाटताना वापरील. पण जड, स्निग्ध आणि तिखट अन्नामागून आंबट द्रव घ्यावा हा संकेत तो बिनचूक पाळतो. नियम राहिला, नाव गेले.

मैदानातील शेतकरी समाजांत मद्याऐवजी ताकच का राहिले, याचे उत्तर बहुतांशी धर्मात आहे. महानुभाव पंथाचा या भागातील प्रसार, आणि आताचे मुक्ताईनगर, पूर्वीचे एदलाबाद, येथील मुक्ताबाईच्या स्थानाभोवती रुजलेली वारकरी परंपरा, या दोहोंनीही मद्य-मांस वर्ज्य मानले. मांस गेले तेव्हा सुश्रुताच्या कोष्टकातील त्याचे अनुपानही आपोआप गेले.

सातपुड्याच्या उतारावर, अक्राणी, तळोदे, नवापूर या बाजूस, दुसरे ताट होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या घरी ज्वारी किंवा मक्याची भाकर, उडदाची अथवा तुरीची डाळ, आंबाडीची भाजी, कधी मासे-खेकडे, शिकार, सणाला बकरे किंवा कोंबडे, आणि मोह. मोहाची मांसल फुले चैत्राच्या आसपास पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून साठवितात. या फुलांत साखर विपुल असते, म्हणून त्यांचा पहिला उपयोग अन्न म्हणून होई. उकडून, कुटून, पिठात मिसळून ती खाल्ली जात आणि धान्य संपल्यावर कुटुंबाला तगवीत. बियांचे तेल स्वयंपाकात व दिव्यात जळे. मद्य हा त्याच साठ्याचा एक भाग. वाळलेली फुले मडक्यात भिजवून काही दिवस आंबवावयाची, थंडीत हे आंबणे मंदावते म्हणून मडके चुलीच्या उबेस ठेवावयाचे, आणि मग वाफ दुसऱ्या भांड्यात उतरवून थंड करावयाची. म्हणजे एकाच फुलापासून भाकर आणि पेय दोन्ही, आणि दोन्ही एकाच चुलीवर. अनुपानाची कल्पना याहून अधिक अक्षरशः घेता येणार नाही.

हे पेय केव्हा प्यावयाचे यासही बंधने होती. पूर्वजांना आणि देवांना प्रथम धार सोडल्याखेरीज ते ओठास लावीत नसत. लग्न, मरण, पेरणी, एकमेकांच्या शेतावर सर्वांनी मिळून केलेले काम, होळी, हे त्याचे प्रसंग. महाशिवरात्रीच्या सुमारास, थंडी सरत असताना, गुजरातेतील सागबारा तालुक्यातील देवमोगऱ्यास याहा मोगी देवीची यात्रा भरते. नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी तेथे बांबूच्या टोपल्यांतून नवे धान्य नेतात व त्याबरोबर मोहाचे मद्य देवीस वाहतात. धान्य आणि मद्य यांची एकत्र मांडणी येथे अद्याप दृष्टीस पडते.

इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावी भिल्ल पलटण उभारली. त्यानंतरच्या सरकारी लिखाणात भिल्लांचे मद्यप्रेम हा एक ठरीव विषय होऊन बसतो, आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरातही तो आहे. मद्य त्यांच्या आहारव्यवस्थेचा भाग आहे ही गोष्ट या लेखकांच्या डोळ्यांपुढे असूनही नोंदीत उतरली नाही. ती ‘व्यसन’ या एका सदरात जमा झाली. त्याच सरकारने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा केला. घरगुती गाळप गुन्हा ठरले, गाळण्याचा हक्क परवानेदारांकडे गेला, मध्यवर्ती भट्ट्यांतून निघणाऱ्या मद्यावर कर बसला आणि दुकाने लिलावाने दिली जाऊ लागली. उत्तर कोकणात तर १८९२ च्या स्वतंत्र कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या फुलावर दुष्काळात माणसे जगली, ते फूल सरकारच्या दृष्टीने मद्याचा कच्चा माल तेवढे होते.

कौटिल्याशी याची तुलना उद्बोधक आहे. तोही काही उदारमतवादी नव्हता. सुरेचा व्यापार त्याने राजाच्या हाती ठेवला, दंड सांगितले, हिशेब मागितले. परंतु कुटुंबाच्या कार्यप्रसंगी घरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा त्याने ठेविली. उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवसांची मोकळीक दिली. म्हणजे मद्याचा घराशी व सणाशी असलेला संबंध त्याने करापेक्षा थोडा बाजूस ठेवला. १८७८ च्या कायद्याने नेमका तोच संबंध तोडला. परिणामी मद्य चुलीवरून दुकानात गेले. दुकानात भाकर नव्हती, पूर्वजांसाठी धार नव्हती, ऋतू नव्हता; उधारीची वही मात्र होती. अन्नापासून तुटलेले मद्य रोज व रिकाम्या पोटी पिता येते, आणि त्यासाठी जमीन गहाण टाकता येते. भिल्लांचे दारिद्र्य त्यांच्या मद्यप्रेमातून उद्भवले, हे त्या काळचे आवडते अनुमान याच ठिकाणी उलटे करून वाचावे लागते.

तथापि या इतिहासाचा शेवट ‘पूर्वीचे सारे चांगले होते’ अशा सुरात करता येत नाही, कारण खुद्द आदिवासींनीच तसा केलेला नाही. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत उसळलेल्या देवीच्या चळवळीने मद्य सोडण्याचा आदेश दिला आणि तिचे लोण पश्चिम खानदेशातही आले. १९३८ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज यांनी ‘आप’ धर्माचा उपदेश केला. स्नान, आरती, मद्य-मांसाचा त्याग ही त्याची अंगे होती आणि सभोवतालच्या गावांतून सहस्रावधी माणसे आरतीस जमत. त्याच वर्षी महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य चालविले. दुकानदार आणि सावकार यांच्या तावडीतून सुटण्याचा हा मार्ग होता हे उघड आहे. पण केवळ आर्थिक हिशेबाने त्याचा उलगडा होत नाही. ज्या पेयाचा अर्थ दुसऱ्यांनी बदलून टाकला, ते पेयच नाकारणे हा त्यात एक स्वाभिमानाचा भाग होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पुढे सर्व राज्यातच मद्य वर्ज्य केले. त्यातून मराठीला ‘हातभट्टी’ हा शब्द घरोघर परिचित झाला आणि घरी गाळणे व चोरून गाळणे यांतील भेद बोलण्यातूनही पुसला गेला. १९७२-७३ मध्ये शहादे भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील भिल्ल स्त्रियांनी गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. त्यांच्या घरी मार खाण्याचे कारण तीच मडकी होती. ज्या मडक्याची महती वर सांगितली, ते आणि हे मडके आकाराने एकच. पण मधल्या ९५ वर्षांत त्यातून जेवण निघून गेले होते. या स्त्रियांचे कृत्य परंपरेविरुद्ध होते असे म्हणणाऱ्याने कोणती परंपरा, हेही सांगितले पाहिजे.

खानदेशाच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या नाशिक जिल्ह्यात १९९९ नंतर द्राक्षमद्याचा उद्योग वाढला, आणि महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. जो मधू कापिशीहून येत असे तो आता चांदवडच्या घाटापलीकडे तयार होतो. भरताबरोबर, वरण-बट्टीबरोबर किंवा काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, याविषयी मराठीत लिहिणाऱ्यास आज शब्द शोधावा लागतो आणि तो बहुधा इंग्रजीतून उचलला जातो. चवीच्या दृष्टीने पाहता या जोडीतील अडचण जुनीच आहे: भरतातील हिरवी मिरची व लसूण यांच्यापुढे तुरट, तांबडे मद्य कडवट लागते, आणि आंबटसर, हलके, किंचित गोड पांढरे मद्य निभावते. तिखट व तेलकट उडदावर आंबट द्रव, हे सुश्रुताचे कोष्टक येथेही चुकलेले नाही. मोहाच्या मद्यास मात्र या नव्या मेजावर अजून जागा मिळालेली नाही. ते ‘गावठी’ या विशेषणाखालीच वावरते. आणि तरीही, एखादी वस्तू अस्सल, निर्भेळ आणि कसदार आहे असे सांगावयाचे झाले म्हणजे मद्यास कधीही न शिवलेला मराठी मनुष्यदेखील ती ‘पहिल्या धारेची’ आहे असे म्हणतो.